मतदान-केंद्रावरील दप्तर

मत देणें हें दोन-चार क्षणांचें काम आहे. मतदार आंत जातो, बटण दाबतो आणि बोटावरील शाईकडे पाहत बाहेर येतो. परंतु तें मत खरोखरच दिलें गेलें, ज्यानें द्यावयाचें त्यानेंच दिलें, एकदांच दिलें, आणि कोणास दिलें हें मात्र कोणालाहि कळलें नाहीं, या चार गोष्टी उद्यां कोणी न्यायालयांत विचारल्या, तर त्या कशाच्या आधारानें दाखवावयाच्या? यंत्र फक्त बेरीज सांगतें. तें साक्ष देत नाहीं. साक्ष देतात ते कागद. आणि ते कागद लिहिणारा कोणी मोठा अंमलदार नसून बहुधा आपल्याच घरांतील किंवा शेजारच्या घरांतील एखादा शाळामास्तर, एखादी शिक्षिका, तलाठी, ग्रामसेवक अथवा कचेरींतील कारकून असतो. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून जातात. या लेखनिकाविषयीं मात्र चार ओळीहि कोणी लिहीत नाहीं. म्हणून यवतमाळ जिल्ह्यांतील स्थानिक निवडणुका डोळ्यांपुढें ठेवून त्याच्या कामाचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

निवडणुकीच्या कामाचा हुकूम घरीं आला म्हणजे प्रथम घरच्या मंडळींचीच धांदल उडते. पूर्वीं असा हुकूम पुरुषांच्या नांवानें येई. आतां तो सूनबाईंच्या किंवा लेकीच्या नांवानेंहि येतो. मग सासूबाई साहजिकच विचारतात, “अगं, मत घालायला माणसं येणार, घालून जाणार, तुला तिथं लिहायचं तरी काय?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. शिक्षकांस शिकविण्यावांचून इतर कामें लावूं नयेत असें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांतील २७ वें कलम सांगतें; पण त्याच कलमानें दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका हे अपवाद सांगितले आहेत, आणि त्यांत संसद व विधिमंडळ यांच्या बरोबरीनें स्थानिक संस्थांच्या निवडणुकाहि स्पष्ट नमूद केल्या आहेत. ज्यांना लिहिण्याची, नांवें नीट वाचण्याची आणि आंकडे जुळविण्याची रोजची संवय आहे अशांचाच वर्ग सरकारला हवा असतो, हें यामागील कारण उघड आहे.

हिशेब आणि निवडणूक यांची सांगड आपल्या देशांत आजकालची नव्हे. तामिळनाडूंतील उत्तरमेरूर या ब्राह्मणांस दान दिलेल्या गांवीं चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतील, इ. स. ९१९ व ९२१ च्या सुमाराचे, दोन शिलालेख आहेत. गांवच्या तीस वाड्यांतून समितीचे सभासद कसे निवडावे याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. पात्र माणसांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहून तीं घागरींत टाकावयाचीं. एका अजाण मुलाकडून एक चिठ्ठी काढवावयाची. आणि ती चिठ्ठी मध्यस्थानें हाताचीं पांचहि बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावयाची. मुठींत दुसरी चिठ्ठी लपवितां येऊं नये, एवढ्यासाठीं ही बोटें पसरण्याची अट! मध्यस्थानें ती वाचावयाची व उपस्थित पुरोहितांनींहि ती वाचावयाची. आणखी एक नियम तर विशेष मननीय आहे: ज्यानें पूर्वीं समितीवर राहून आपला हिशेब दिला नाहीं त्याचें, आणि त्याच्या जवळच्या नातलगांचेंहि, नांव घागरींत पडूं द्यावयाचें नाहीं. अकराशें वर्षांपूर्वींचे हे लोक माणसाच्या स्वभावासंबंधानें फारसे भ्रमांत नव्हते असें दिसतें.

वऱ्हाडाकडे वळलों तर ग्रामीण मंडळांचा कायदा १८८५ सालीं आणि नगरपालिकांचा १८८६ सालीं झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें मध्यप्रांत-वऱ्हाडांत जनपदसभा आल्या. आजोबांच्या तोंडून ‘जनपद’ हा शब्द ऐकलेले वाचक या भागांत अजून पुष्कळ निघतील. पुढें महाराष्ट्र राज्य होतांच १९६० सालीं महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हे नाईक पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे. पुढें १९६३ ते १९७५ पर्यंत ते मुख्यमंत्री होते. आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव, जे १९९१ सालीं मुख्यमंत्री झाले, तेहि याच गांवचे. राज्यांतील साऱ्या जिल्हा परिषदांचा आराखडा ज्या समितीनें आखला तिचा अध्यक्ष या जिल्ह्याचा होता, ही गोष्ट यवतमाळकरांनीं अभिमानानें सांगण्यासारखी आहे. पण ती सांगणारे फारसे भेटत नाहींत.

घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनंतर १९९४ सालीं महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग अस्तित्वांत आला. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग निराळा आणि हा निराळा, ही गोष्ट सुशिक्षितांच्याहि ध्यानांत पुष्कळदां नसते. ग्रामपंचायत, पंचायत समिति, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका यांच्या निवडणुका या दुसऱ्या आयोगाकडे. त्याचे कायदे व नमुने वेगळे, पद्धति थोडी वेगळी. त्यामुळें विधानसभेच्या कामाचा अनुभव असलेला माणूस “मला सारें ठाऊक आहे” असें म्हणून प्रशिक्षणास डुलक्या घेत बसला, तर तो केंद्रावर हटकून अडतो.

मतदानाच्या आदल्या दिवशीं तहसिलींतून साहित्य मिळतें. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. उमरखेडपासून वणीपर्यंतचा पसारा मोठा. झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या बाजूस जंगल आणि कोलामांचे पोड. आपलें साहित्य घेतलेला कर्मचारी मोटारींत बसावयाची घाई करतो, आणि पहिली चूक तेथेंच होते. मतदारयादी आपल्याच केंद्राची आहे कीं नाहीं, तिचीं सर्व पृष्ठें आहेत कीं नाहींत, यंत्राचा क्रमांक हातांतील कागदावरील क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं, कागदी मोहरांचे क्रमांक काय आहेत, लाख, मेणबत्ती, दोरा, पितळी शिक्का, शाईची बाटली, पाकिटें, हें सारें तेथल्या तेथें उघडून पाहिलें पाहिजे. तीस मैल दूर गेल्यावर यादीचें एक पान कमी आहे असें कळून उपयोग काय?

सकाळीं मतदानापूर्वीं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करून दाखवावें लागतें. प्रत्येक उमेदवारास कांहीं मतें देऊन, मोजून, तीं जुळल्याचें दाखवून, मग तीं यंत्रांतून पुसून टाकावयाचीं. तीं पुसलीं, यंत्र कोरें झालें, तें सर्वांनीं पाहिलें, असें प्रमाणपत्र लिहून त्यावर प्रतिनिधींच्या सह्या घ्यावयाच्या. यानंतर यंत्र मोहरबंद करावयाचें, कागदी मोहरेवर केंद्राध्यक्षानें व प्रतिनिधींनीं सह्या करावयाच्या आणि तिचा क्रमांक हिशेबांत लिहावयाचा. घाईच्या सकाळीं हीं पुसावयाचीं मतें पुसण्याचेंच राहून गेलें, तर तीं दिवसभराच्या खऱ्या मतांत मिसळून जातात आणि संध्याकाळीं मतदारांपेक्षां मतेंच अधिक भरतात. मग कितीहि खुलासे करा. संशय एकदां उत्पन्न झाला तो झाला.

आतां पहिल्या मतदान-अधिकाऱ्याचें काम पाहूं. त्याच्यापुढें मतदारयादीची जी प्रत असते तिला ‘चिन्हांकित प्रत’ म्हणतात. मतदार आला कीं ओळख पटवावयाची, त्याचें नांव व अनुक्रमांक मोठ्यानें वाचावयाचा, म्हणजे प्रतिनिधींस हरकत घ्यावयाची तर घेतां येते, आणि मग यादींतील त्या नांवावर खूण करावयाची. स्त्री मतदार असल्यास आणखी एक वेगळी खूण करावयाची. कारण दर दोन तासांनीं पुरुष किती व स्त्रिया किती आल्या याचा आंकडा वर कळवावा लागतो, आणि त्या वेळीं खुणा नसल्या तर अंदाजाखेरीज गत्यंतर राहत नाहीं.

नांवाची ही गोष्ट आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं उत्तरेंतील कित्येक प्रांतांत बायकांनीं आपलें स्वतःचें नांव सांगण्यास नकार दिला. “अमक्याची बायको”, “तमक्याची आई” असेंच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी चालूं दिल्या नाहींत, आणि सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं. निष्ठुर वाटतो हा निर्णय. परंतु माझ्या मतें तो योग्यच होता. जिला स्वतःचें नांव नाहीं तिचें मत तिचें आहे हें ओळखावयाचें कसें? आज ती अडचण त्या रूपांत उरली नाहीं. पण लग्नानंतर माहेरचें नांव माहेरच्या गांवच्या यादींत तसेंच राहतें, सासरचें नवें नांव सासरच्या यादींत चढतें, आणि एकीच स्त्री दोन नांवांनीं दोन ठिकाणीं नांदते, हें आपल्या घरोघर चाललेलेंच आहे. नगरपरिषदांच्या २०२५ च्या निवडणुकीसाठीं १ जुलै २०२५ रोजीं असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणें फोडण्यांत आली. त्या वेळीं ज्यांचीं नांवें एकाहून अधिक ठिकाणीं असण्याचा संभव दिसला त्यांच्यापुढें दोन तारकांची खूण करण्यांत आली होती. असा मतदार केंद्रावर आला म्हणजे त्याच्याकडून, मीं दुसरीकडे मत दिलेलें नाहीं व देणारहि नाहीं, असें लिहून घ्यावें असा नियम होता. म्हणजे पहिल्या अधिकाऱ्याच्या मेजावर आणखी एक कागद वाढला. आणि रांगेंतील लोकांची कुरकुरहि. घरांतील लग्न होऊन गेलेल्या मुलींचीं नांवें जुन्या यादींतून वेळींच काढविलीं असतीं, तर त्यांतील कितीतरी कागद लिहावेच लागले नसते.

याच्या उलट, लेखनांतील क्षुल्लक फरकासाठीं कोणास परत पाठवावें असाहि कायद्याचा हेतु नाहीं. १९६१ च्या निवडणूक नियमांत असें स्पष्ट आहे कीं, ओळखीविषयीं खात्री असल्यास यादींतील केवळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे केंद्राध्यक्षानें दुर्लक्ष करावें. ते नियम लोकसभा-विधानसभेचे खरे. पण त्यांतील तत्त्व सर्वत्र शहाणपणाचेंच आहे. ‘लक्ष्मी’ची ‘लक्षुमी’ झाली, ‘किसन’चा ‘कृष्णा’ झाला, बंजारा तांड्यावरील किंवा कोलाम पोडावरील नांव यादी करणाऱ्यास नीट ऐकूंच आलें नाहीं, असे प्रकार या जिल्ह्यांत पुष्कळ. ज्याला गोरमाटी किंवा कोलामी बोली कानावरून गेलेली आहे असा मतदान-अधिकारी तेथें दहा सुशिक्षितांहून अधिक उपयोगी पडतो.

दुसऱ्या अधिकाऱ्याकडे मतदारांची नोंदवही. तींत अनुक्रमानें एकेक मतदाराचा यादी-क्रमांक लिहावयाचा, सही अथवा अंगठा घ्यावयाचा, बोटास शाई लावावयाची आणि चिठ्ठी द्यावयाची. ज्या क्रमानें नोंद झाली त्याच क्रमानें मतदारानें आंत गेलें पाहिजे. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन यंत्र खुलें करतो व चिठ्ठी जपून ठेवतो. येथें एक शंका पुष्कळांस येते: नोंदवहींत माणसाचा क्रम आहे, मग त्याचें मत शोधून काढतां येणार नाहीं काय? पूर्वींच्या कागदी मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर मतदाराचा यादी-क्रमांक लिहीत असत. त्यामुळें तत्त्वतः न्यायालयास तसा शोध करणें शक्य होतें. इंग्लंडांत गुप्त मतदानाचा कायदा १८७२ सालीं झाला, तरी मतपत्रिकेच्या क्रमांकाची व मतदाराच्या क्रमांकाची यादी तेथें अद्यापि ठेवतात. ती मोहरबंद असते व न्यायालयाच्या हुकुमाखेरीज उघडत नाहींत. आपल्याकडील नोंदवहींत मात्र कोण आला एवढेंच कळतें, त्यानें काय केलें हें कळत नाहीं. कागद इतके ठेवावयाचे कीं लबाडी सांपडावी, आणि असे ठेवावयाचे कीं मत सांपडूं नये, असें हें दुहेरी काम आहे. म्हणूनच केंद्रावरील माणसानें गमतीनेंहि कोण कोणाकडे झुकला याची स्वतःच्या वहींत टिपणी करतां कामा नये.

स्थानिक निवडणुकींतील खरी मेख पुढें आहे. विधानसभेस एका माणसाचें एक मत. येथें तसें नाहीं. जिल्हा परिषदेच्या वेळीं एक मत गटासाठीं व एक पंचायत समितीच्या गणासाठीं द्यावयाचें असतें. ग्रामपंचायतींत प्रभागाच्या दोन-तीन जागा आणि सरपंच थेट जनतेनें निवडावयाचा असल्यास त्याचें आणखी एक मत. नगरपरिषदेंत प्रभागाचे सामान्यतः दोन सदस्य आणि नगराध्यक्ष. समजा, एका केंद्रावर ६४० मतदार आले. प्रत्येकाचीं तीन मतें, म्हणजे एकूण १,९२०. त्यांत ‘वरीलपैकीं कोणी नाहीं’ या बटणावरचींहि आलीं. संध्याकाळीं चिन्हांकित यादींतील खुणा ६४०, नोंदवहींतील शेवटचा क्रमांक ६४०, जमा झालेल्या चिठ्ठ्या ६४०, आणि यंत्रानें दाखविलेले मतदारहि ६४०, असे चारहि आंकडे एका रेषेंत उभे राहिले पाहिजेत. एकादा मतदार सही करून मग “मला मत द्यावयाचें नाहीं” म्हणून परत फिरला, तर नोंदवहींत ६४० व यंत्रांत ६३९ येतील. तो एकाचा फरक त्याच्या नांवापुढील शेऱ्यांत लिहिलेला असला म्हणजे हिशेब बरोबर, नसला म्हणजे चूक. शेरा लिहावयास अर्धें मिनिट लागतें. पुन्हां, म्हातारा मतदार एक बटण दाबून समाधानानें बाहेर निघतो, यंत्राचा शेवटचा लांब आवाज झालेलाच नसतो, आणि केंद्राध्यक्षास त्याला परत बोलावून “आजोबा, अजून दोन राहिलीं” असें सांगावें लागतें. कोणाला द्या हें मात्र सांगावयाचें नाहीं, आणि पडद्याआड डोकावयाचें तर मुळींच नाहीं.

जुन्या घरांतून रोजकीर्द व खतावणी लिहीत, त्यांतील कारभारी माणसांस हें सारें लवकर उमगतें. पैशाची चूक पैशानें भरून निघत नाहीं, नोंदीनेंच निघते, हा त्यांचा अनुभव असतो.

नेहमींच्या वाटेनें न जाणाऱ्या मतदारांसाठीं निराळे कागद असतात. कोणी प्रतिनिधि एखाद्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो. त्यासाठीं किरकोळ रक्कम ठेवून घेऊन, चौकशी करून, निर्णय लिहावा लागतो. कोणी येतो आणि त्याच्या नांवावर आधींच कोणी मत देऊन गेलेला असतो. अशा वेळीं त्याची ओळख पटल्यास त्याला रिकाम्या हातानें घालवीत नाहींत. कागदी मतपत्रिकेवर त्याचें मत घेऊन तें निराळ्या पाकिटांत मोहरबंद करतात. यास ‘प्रदत्त मत’ म्हणतात. हें मत नेहमींच्या मोजणींत येत नाहीं. तरी तें राखून ठेवलेलें असतें, कारण निकाल दोन-चार मतांचा असला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें तर त्याच पाकिटाला महत्त्व येतें. अंध किंवा अशक्त मतदाराबरोबर सोबती येतो. तो दुसऱ्या कोणाचा सोबती त्या दिवशीं झाला नाहीं व मत गुप्त ठेवील असें त्याच्याकडून लिहून घ्यावयाचें. आणि मतदानाची वेळ संपतांना रांगेंत जे उभे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यावयाच्या, त्या रांगेच्या शेवटापासून पुढें; म्हणजे मागाहून आलेला कोणी शेपटाला चिकटत नाहीं. उत्तरमेरूरच्या पसरलेल्या पांच बोटांचाच हा वंशज म्हणावयाचा!

केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण सर्वांत हेळसांड होते ती हिचीच. जसजशा गोष्टी घडतील तसतशा त्या लिहाव्या असा नियम आहे. प्रत्यक्षांत कित्येकदां ती रात्रीं, मोटार बाहेर हॉर्न वाजवीत असतां, कंदिलाच्या किंवा आतां मोबाइलच्या उजेडांत एका दमांत लिहून काढली जाते. सर्व रकान्यांत “निरंक”, “शांततेंत पार पडलें”. दुपारीं यंत्र वीस मिनिटें अडलें होतें, दुसरें मागवावें लागलें, कोणी प्रतिनिधि सही न करतांच जेवावयास निघून गेला, हें सारें त्या “शांततेंत” गडप होतें. पुढें कोणी तक्रार केली म्हणजे केंद्राध्यक्षाच्या बाजूनें बोलणारा एकच साक्षीदार असावयाचा, तो म्हणजे ही वही. आणि तिचें तोंड त्यानें स्वतःच बंद केलेलें असतें.

असल्या चुकीची किंमत किती मोठी असते याचें अलीकडचें उदाहरण पाणिपताचें आहे. पाणिपत म्हटलें कीं मराठी मनास दुसरेंच कांहीं आठवतें; परंतु हें हरियाणांतील त्या जिल्ह्याच्या बुआना लाखू नांवाच्या गांवचें. २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तेथें सरपंचाची निवडणूक झाली. केंद्र क्रमांक ६९ येथें दोन उमेदवारांच्या मतांचे आंकडे अदलाबदल होऊन एकमेकांच्या नांवापुढें लिहिले गेले. प्रथम एकास विजयी म्हटलें. चूक ध्यानांत येतांच फेरमोजणी होऊन दुसऱ्यास म्हटलें. मग पहिला न्यायालयांत गेला, आणि पद त्याच्याकडे आलें. निवडणूक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा प्रवास झाला. अखेर ३१ जुलै २०२५ च्या आदेशानें सर्वोच्च न्यायालयानें सर्व केंद्रांचीं यंत्रें दिल्लीस आणवून आपल्याच आवारांत, दोन्ही पक्षांसमक्ष, चित्रण करीत मोजविलीं. एकूण ३,७६७ मतांपैकीं एकास १,०५१ व दुसऱ्यास १,००० मतें मिळाल्याचें निघालें, आणि ११ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानें ज्याचीं मतें अधिक त्यास सरपंचपद मिळालें. मधल्या पावणेतीन वर्षांत गांवाचा कारभार ज्याच्या हातीं असावयास नको होता त्याच्या हातीं होता. यंत्र बिघडलें नव्हतें, कोणी मतें चोरलीं नव्हतीं. दोन ओळी इकडच्या तिकडे झाल्या, एवढेंच. मात्र यंत्रें व मोहरा शाबूत होत्या म्हणून सत्य शेवटीं हातीं लागलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

महाराष्ट्रांत मोजणी केंद्रावर होत नाहीं. यंत्रें तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणीं आणून तेथें होते. म्हणजे मतदान व मोजणी यांच्यामध्यें कांहीं काळ जातो, आणि तेवढ्या काळांत केंद्रावरच्या कागदावांचून दुसरा पुरावा नसतो. हा काळ सहसा एका रात्रीचा असे. २०२५ सालीं मात्र विलक्षण प्रसंग आला. राज्यांतील बहुतेक नगरपरिषदा व नगरपंचायतींचें मतदान २ डिसेंबरास, सकाळीं साडेसात ते सायंकाळीं साडेपांच या वेळांत झालें. मोजणी दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. परंतु कांहीं ठिकाणचें मतदान २० डिसेंबरापर्यंत पुढें ढकललेलें होतें, आणि यवतमाळ शहराची नगरपरिषद त्यांतच होती. एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणच्या मतदारावर परिणाम करील या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें सर्वच मोजणी २१ डिसेंबरास घ्यावी असा आदेश दिला. पुसद, दारव्हा, उमरखेड अशा गांवांत २ तारखेस बंद झालेलीं यंत्रें अशा रीतीनें एकोणीस दिवस कुलपाआड राहिलीं. बाहेर पोलिसांचा पहारा, उमेदवारांच्या माणसांच्या खेपा, आणि चहाच्या टपरीवर तऱ्हतऱ्हेच्या वावड्या! आंतील मतांत कोणी हात घातला नाहीं हें एकोणिसाव्या दिवशीं दाखवावयाचें तें कशावरून? २ तारखेच्या सायंकाळीं कोणा एका शिक्षकानें अगर शिक्षिकेनें मोहरेचा क्रमांक व मतदारांची एकूण संख्या ज्या तक्त्यांत लिहिली, ज्याची नक्कल प्रतिनिधींच्या हातीं दिली, त्या तक्त्यावरून. कोठीचें कुलूप मजबूत असावें हें खरें. परंतु त्या कुलपापेक्षां तो एक कागद लोकांची अधिक समजूत घालतो, कारण त्याची प्रत विरुद्ध पक्षाच्याहि खिशांत असते. ती नक्कल न देतां “उद्यां कचेरींतून घ्या” म्हणणारा केंद्राध्यक्ष स्वतःचाच बचाव फाडून टाकीत असतो.

मतदान संपल्यावर यंत्र बंद करावयाचें, मतांचा हिशेब लिहावयाचा, शेवटचें घोषणापत्र करावयाचें आणि मग पाकिटें. हीं दोन जातींचीं: कायद्यानें मोहरबंद करावयाचीं तीं सांविधिक, आणि बाकीचीं असांविधिक. चिन्हांकित यादी, नोंदवही, मतदारांच्या चिठ्ठ्या, प्रदत्त मतें हीं लाखेनें बंद व्हावयाचीं. उलट मतांचा हिशेब व दैनंदिनी हीं वरच्यावर मिळावीं लागतात. थकलेला माणूस नेमका हिशेबाचा तक्ताच मोहरबंद पाकिटांत घालतो, आणि मग तहसिलीच्या मांडवांत रात्रीं अकरा वाजतां सर्वांसमक्ष लाख फोडण्याचा लाजिरवाणा प्रसंग येतो. पाकिटांवर आधींच, दुपारच्या निवांत वेळीं, क्रमांक व नांवें घालून ठेवणाऱ्यावर ही पाळी येत नाहीं.

मांडवांत साहित्य घेणारा कारकून एकेक पाकीट पाहून यादीवर खूण करतो व शेवटीं पावती देतो. जागरणानें डोळे तारवटलेले असतात, घरीं जावयाची ओढ असते. तरी ती पावती वाचून, यंत्राचा क्रमांक त्यावर बरोबर आहे हें पाहूनच मांडव सोडावा. घरच्या मंडळींनीं ती दुसऱ्या दिवशींच्या झाडलोटींत चुलींत किंवा रद्दींत जाऊं देऊं नये. लोखंडी पेटींत हुकुमासह ठेवावी. ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध १९५८ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाखालीं पंधरा दिवसांच्या आंत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करतां येतो. असा अर्ज झाला, तर साक्षीसाठीं समन्स केंद्राध्यक्षाच्या घरच्या पत्त्यावर येऊं शकतें. तेव्हां अर्ज झाला नाहीं अशी खात्री होईपर्यंत, आणि झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत, ती पावती पेटींतच असूं द्यावी.